सातव्या प्रश्नाचं उत्तर

चौदा टॅबलेट मी टेबलावर दोन ओळींत मांडले, एकेक सुरू केला आणि प्रत्येकावर सातवा प्रश्न उघडला. ‘पाणी उकळत असताना तापमापीवर किती तापमान दिसते?’ खाली चार पर्याय होते. नव्वद, शहाण्णव, शंभर, एकशे सहा. चौदाही मुलांनी शहाण्णव निवडलं होतं.

“पटली खात्री?” वायदंडे सर दारातून म्हणाले. “की उरलेले टॅब कुठं लपवलेत म्हणून कपाट बघायचंय?”

“सर, मी आरोप करायला आलेली नाही.”

“आरोप खालून येतात, मॅडम. वर फक्त माणूस येतो.” मग त्यांनीच खुर्ची पुसून पुढे सरकवली. “बसा. घाटात त्रास झाला का? पहिल्यांदा येणाऱ्याचे कान बसतात.”

कान बसले होते. शेवटच्या तीन वळणांवर दोनदा आवंढा गिळल्यावर ते मोकळे झाले. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेलं आहे. तरीही जीपमधून उतरेपर्यंत मला काही सुचलं नव्हतं, हे आज सांगताना संकोच वाटतो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हा आमच्या जिल्ह्यात नऊशे शाळांना टॅबलेट दिले होते. पाठांचे व्हिडिओ त्यातच भरलेले, चाचण्याही त्यातच. विज्ञानाची विषयतज्ज्ञ मी. सहावी-सातवीच्या विज्ञानाचे अठ्ठावीस व्हिडिओ माझे होते, पडद्यावर शिकवणारी मीच होते आणि चाचणीचे प्रश्नही मी काढले होते. चाचणीचे निकाल संगणक तपासायचा. एका वर्गातल्या बहुतेक मुलांनी एकच चुकीचं उत्तर दिलं, तर तो त्या शाळेच्या नावावर लाल खूण करायचा. लाल म्हणजे कॉपी, आणि इतक्या लहान मुलांची कॉपी म्हणजे शिक्षकाने फळ्यावर उत्तरं लिहून दिली, असा अर्थ घ्यायचा हे बैठकीत ठरलं होतं. त्या बैठकीला मी हजर होते. अर्थ मला तेव्हा बरोबर वाटला होता.

माळदेवाडीच्या शाळेला त्या वर्षी लाल खूण आली. डोंगरमाथ्यावरची धनगरवस्ती, पहिली ते सातवी, दोन शिक्षक. सहावी आणि सातवी मिळून चौदा मुलं वायदंडे सरांकडे होती. मला दिलेल्या आदेशात दोनच कामं होती. मुलांची माझ्यासमोर पुन्हा चाचणी घ्यायची, आणि अहवाल द्यायचा. कॉपी झाली असं ठरलं तर सर निलंबित होणार होते.

“हे उत्तर त्यांना कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“त्यांनाच विचारा की. मी बाहेर जातो, नाहीतर म्हणाल मास्तर डोळे मोठे करून बघत होता.”

ते खरंच बाहेर गेले. वर्गात मुलं भिंतीला टेकून बसली होती. पाहुणी आली की टाळ्या वाजवून स्वागतगीत म्हणायचं असतं, ते त्यांनी आल्या आल्या म्हटलं होतं, आणि आता पुढे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी प्रश्न वाचून दाखवला. एका मुलीने लगेच हात वर केला.

“नाव काय तुझं?”

“तेजल रामू झोरे, सातवी.”

“तेजल, तू शहाण्णव का लिहिलंस?”

“दिसलं म्हणून.”

“कुठे दिसलं?”

तिने वही आणून दिली. वहीचं डावं पान आणि उजवं पान यांच्यामध्ये लाल शाईची रेघ होती. डाव्या पानावर वर लिहिलं होतं ‘सांगितलं ते’ आणि उजव्या पानावर ‘दिसलं ते’. डावीकडे माझ्याच पाठातलं वाक्य होतं. पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळतं. उजवीकडे तीन तारखा आणि तीन आकडे. शहाण्णव, शहाण्णव, साडेपंच्याण्णव. शेवटच्या आकड्यापुढे कंसात तिने लिहिलं होतं, ‘वारं होतं, नीट वाचता आलं नाही.’

मी बाकीच्या तेरा वह्या मागवल्या. सगळ्यांत तशीच रेघ होती. आकडे थोडे इकडेतिकडे होते, एका मुलाने सत्त्याण्णव लिहून खोडलं होतं. कॉपी केलेल्या वह्यांमध्ये आकडे असे इकडेतिकडे होत नाहीत.

“बाई, परत करून दाखवू का?” एक मुलगा म्हणाला. “चूल पेटलीच हाय खिचडीची.”

“मॅडम म्हण रं,” दुसरा कुजबुजला.

शाळेच्या मागे स्वयंपाकाची खोली होती. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तांदळाचं पातेलं बाजूला घेतलं आणि पाण्याचं छोटं भगुणं चुलीवर चढवलं. “रोज काय उकळतात देव जाणे,” त्या मला म्हणाल्या. “जळण मी आणायचं आन् शिकायचं ह्यांनी.” मुलांनी तापमापी सुतळीने काठीला बांधली होती. तिचं टोक भगुण्याच्या तळाला लागू नये म्हणून काठी धरायची पाळी ठरलेली होती. पाण्याला बुडबुडे आले तेव्हा कोणी आकडा वाचायची घाई केली नाही. खदखदायला लागल्यावर तेजल वाकली, डोळे पाऱ्याच्या पातळीत आणले आणि म्हणाली, “शहाण्णव.”

मी वाकून पाहिलं. शहाण्णव.

शाळेची तापमापी खराब असेल, असं मला वाटलं. माझ्या पिशवीत प्रयोगसंचाची नवीन तापमापी होती. ती मी स्वतः धरली. पाणी खदखदत होतं, पारा चढत गेला आणि शहाण्णववर येऊन थांबला. मी दोन मिनिटं थांबले. तो हलला नाही.

तेव्हा घाटात बसलेले कान मला आठवले. मी तांदळाच्या पोत्यावर बसले.

वायदंडे सर दाराशी आले होते. “चार हजार फूट,” ते म्हणाले. “हजाराला एक अंश धरा.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“बी.एस्सी. आहे हो मी, मॅडम. खाली कुणाला आठवत नाही, पण आहे.”

“मग मुलांना सांगितलं का नाही?”

“सांगितलं तर डाव्या पानावर जाईल.” त्यांनी मुलांकडे पाहून आवाज खाली आणला. “ती शोधतायत. जानेवारीत म्हणत होती भगुणं खराब आहे. मग म्हणाली विहिरीचं पाणी खराब आहे, तर चार घरांचं पाणी आणून उकळून झालं. आता थंडीवर आलीत. मे महिन्यापर्यंत हवेवर येतील असा माझा अंदाज होता. तेवढ्यात तुमची चाचणी आली.”

मला खरं तर खूप हलकं वाटलं. प्रकरण सुटलं होतं. समुद्रसपाटीपासूनची उंची, हवेचा दाब, उत्कलनबिंदू. अहवाल अर्ध्या पानात मावला असता. मी मुलांना म्हटलं, “तुमचं काहीही चुकलेलं नाही. जसजसं उंच जावं तसतसं पाणी कमी तापमानाला उकळतं. तुमचं गाव उंचावर आहे ना, म्हणून.” सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा मे महिना मी संपवला होता, हे क्षणभर उशिराच माझ्या लक्षात आलं.

तेजल विचार करत होती.

“मग मॅडम, पुणं किती उंच हाय?”

“साधारण अठराशे फूट. का गं?”

“म्हणून तिथं अठ्ठ्याण्णव आलं व्हय?”

“कुठे?”

“तेजल,” सर म्हणाले. “बस झालं.”

“तुमच्या पाठात,” तेजल म्हणाली. एकदा सुरू झालेलं वाक्य तिला मध्ये सोडता आलं नसावं. तिने वर्गातून टॅबलेट आणला, माझा पाठ लावला आणि बोटाने सरकवत चार मिनिटं बारा सेकंदांवर थांबवला. पडद्यावर मी होते. आकाशी साडी, हातात दाखवायची काडी. माझ्यापुढे चंचुपात्रात पाणी उकळत होतं. तिने दोन बोटांनी चित्र ताणलं. माझा चेहरा पडद्याबाहेर गेला, मग खांदा, मग हात. उरली ती तापमापी. चित्र थोडं धूसर झालं, पण पारा कुठे आहे ते दिसत होतं.

पारा अठ्ठ्याण्णववर होता.

तिने बोट उचललं, पाठ पुढे सुरू झाला आणि माझा आवाज त्या चुलीच्या खोलीत स्वच्छ ऐकू आला. “तर मुलांनो, पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळतं, हे आपण आत्ताच स्वतः पाहिलं.”

एका मुलाला हसू आलं. दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

मला चित्रीकरणाचा तो दिवस आठवत नव्हता, असं म्हणता येणार नाही. तो कधी आठवावा लागेल असं वाटलंच नव्हतं. पुण्यातला भाड्याचा स्टुडिओ, दुपारचा एक. दोनदा पाणी उकळलं, दोनदा अठ्ठ्याण्णव आलं. तिसऱ्यांदा मीठ टाकून पारा चढवून बघू का, असं मी विचारलं होतं. कॅमेरा लावणारा म्हणाला, मॅडम, दोन अंशांनी काय फरक पडतो, मी थोडा तिरका अँगल घेतो. बाहेर डबे उघडल्याचा वास येत होता. मी आकाशी पदर नीट केला आणि ते वाक्य एका दमात म्हटलं. ‘स्वतः’ हा शब्द लिहून दिलेल्या मजकुरात नव्हता. तो मी आयत्या वेळी घातला.

“मला माहीत होतं,” सर म्हणाले. “मीच हिला सांगितलं होतं, मॅडम आल्या तर हे काढायचं नाही.”

“का?”

“तुम्ही पाहुण्या. शिवाय माझा निकाल तुमच्या हातात.”

मी उठले. “फोन कुठे लागेल?”

“तेजल, मॅडमना दगडावर ने.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ऑनलाइन प्रशिक्षणं मी त्याच दगडावर बसून घेतलीत. एकदा पाऊस आला. तज्ज्ञ मार्गदर्शक बोलत राहिले, भिजलो मी एकटा. त्यानंतरची तीन बुडवली.”

दगड शाळेपासून दहा मिनिटांवर होता. मोठा, काळा, वर सपाट. तेजल खाली वाळक्या गवतात बसली आणि मी वर चढून उपक्रमाचे प्रमुख देशमाने साहेब यांना फोन लावला. वारा खूप होता. आवाज तुटत होता, म्हणून प्रत्येक वाक्य मला मोठ्याने बोलावं लागत होतं.

“साहेब, कॉपी झालेली नाही. या उंचीवर पाणी शहाण्णवलाच उकळतं. मी स्वतः मोजलं.”

“बरं मग?”

“मुलांचं उत्तर बरोबर आहे. प्रश्न चुकलाय.”

“मॅडम, प्रश्न तुम्हीच काढलाय ना?”

“हो. आणि पाठही चुकलाय. माझ्या व्हिडिओत तापमापी अठ्ठ्याण्णव दाखवते. मी शंभर म्हटलंय.”

मग साहेब शांतपणे बोलू लागले. ते वाईट मनुष्य नव्हते. माझ्या बाबांच्या आजारपणात त्यांनी मला महिनाभर घरून काम करू दिलं होतं.

“हे बघा. पाठ नऊशे शाळांत गेलाय. उद्या मी सांगू, की आमच्या बाईंनी पडद्यावर खोटा आकडा सांगितला? सोमवारी समितीपुढे लाल शाळांची यादी जातेय. त्या वायदंडेंनी आधीच तीन प्रशिक्षणं बुडवलीत. समिती कारणं वाचत नाही, रकाने बघते. तुम्ही आज पुन्हा चाचणी घेताय ना? त्यात मुलांनी ठरलेलं उत्तर दिलं, की खूण आपोआप जाते. विषय संपला. कुणाचंच नुकसान नाही.”

“ऐकू येत नाहीये, साहेब. म्हणजे आज चौदाही मुलांनी शंभर दाबलं तर प्रकरण मिटेल?”

“मिटेल.”

“आणि नाही दाबलं तर वायदंडे सरांना निलंबित करणार?”

“मी नाही, मॅडम. समिती.”

“पण मी अहवालात कारण लिहिणार आहे.”

“लिहा ना. जरूर लिहा. शेवटी जोडपत्र म्हणून लावा.”

मी उतरले. तेजल उठली, परकराला लागलेलं गवत झटकलं आणि माझ्यापुढे चालू लागली. वाटेत तिने एकही प्रश्न विचारला नाही. मला बरंच वाटलं, कारण माझ्या डोक्यात अहवालाची वाक्यं जुळत होती. उंची लिहायची, दाब लिहायचा, दोन तापमाप्यांची नोंद करायची. व्हिडिओचं लिहायचं की नाही, ते खाली गेल्यावर ठरवू, असं मी मनाशी म्हटलं.

खिचडी खाऊन मुलं ताटं धुवायला टाकीपाशी गेली. मी ओट्यावरून पाहत होते. चौदा जणांचं कोंडाळं झालं होतं, मध्ये तेजल. ती बोलत होती आणि बाकीचे ऐकत होते. एका मुलाने जोरात मान हलवून नाही म्हटलं. तिने त्याचा दंड धरला आणि पुन्हा काहीतरी सांगितलं. चाचणीबद्दल बोलत असतील, असा मी समज करून घेतला. तो समज बरोबरच होता.

दोन वाजता मुलांना अंगणात बसवलं. आदेशाप्रमाणे सहा-सहा फुटांवर, तोंडं वेगवेगळ्या दिशांना. मी टॅबलेट वाटले आणि छापील सूचना वाचून दाखवल्या. सर ओट्यावर उभे होते. सूचना संपल्यावर ते म्हणाले, “मॅडम, मी एक वाक्य बोलू? तुमच्यासमोरच.”

“बोला.”

“पोरांनो, दिसलं ते. नेहमीसारखंच. मार्कांचं मी बघतो.”

मी तेव्हा बोलू शकले असते. सातवा प्रश्न रद्द धरा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो माझाच प्रश्न होता. पण सूचनांबाहेर एकही शब्द बोलायचा नाही, अशी सूचनापत्रात सगळ्यात वरची ओळ होती, आणि ती ओळही मीच घातली होती.

वीस मिनिटांत सगळे संपले. तेजल मागे राहिली. तिने टॅबलेट मांडीवर ठेवला होता आणि ती त्याच्याकडे न पाहता समोरच्या कुंपणाकडे पाहत होती. मग तिने खाली पाहून एकदा बोट टेकवलं, उरलेले प्रश्न भराभर सोडवले आणि टॅबलेट आणून माझ्या हातात दिला. मी तो बाकीच्यांबरोबर ठेवला आणि माझ्याजवळच्या टॅबलेटवर सगळ्यांचा निकाल उघडला.

सातवा प्रश्न. शंभर. शंभर. शंभर. मी खाली सरकत गेले. चौदा जणांचे चौदा शंभर.

पहिला क्षण सुटल्याचा होता. ते लपवण्यात अर्थ नाही. सर वाचले, असं माझ्या मनात आलं. त्यानंतर मी वेळेचा रकाना पाहिला. प्रत्येक प्रश्नावर मुलाने किती सेकंद घेतले ते टॅबलेट नोंदवून ठेवायचा. सातव्या प्रश्नावर तेरा मुलांनी चार-पाच सेकंद घेतले होते. तेजल झोरेपुढे आकडा होता दोनशे पन्नास.

टॅबलेट टेबलावर ठेवताना त्याचा आवाज झाला आणि सर जवळ आले. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं. मग ते अंगणात गेले.

“कुणी सांगितलं?”

मुलं उभी राहिली.

“बाबू कोकरे. पाणी किती अंशाला उकळलं?”

बाबूने आधी तेजलकडे पाहिलं. मग म्हणाला, “शंभर, सर.”

“सकाळी काठी कुणी धरली होती?”

“मी.”

“किती दिसलं होतं?”

“शंभर.”

“संगीता?”

“शंभर, सर.”

“अनिल?”

“शंभर. एकदम बरोबर शंभर.” हा सहावीतला होता. आपण चांगलं निभावलं असं वाटून तो थोडा हसला.

सर एकेकाला विचारत गेले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. दहाव्या-अकराव्या मुलाला त्यांनी नुसतं नावाने हाक मारली, प्रश्न विचारलाच नाही, आणि मुलाने उत्तर दिलं. मुलांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती सरांकडे अशी पाहत होती, जशी आपण मोठ्या माणसाला आधार देऊन उभं करताना पाहतो.

शेवटी तेजल.

“शंभर, सर,” ती म्हणाली, आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

सर परत ओट्यावर आले.

“दगडावर तुम्ही मोठ्यानं बोललात का, मॅडम?”

“वारा होता,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मी मनातून वाट पाहत होते, की त्यांनी रागवावं.

“निलंबन सहा महिन्यांत संपलं असतं हो,” ते म्हणाले, आणि वर्गात जाऊन मुलांच्या वह्या आवरू लागले.

मी अहवाल तिथेच ओट्यावर बसून लिहिला. उंची लिहिली, दाब लिहिला. व्हिडिओचंही लिहिलं, मिनिट आणि सेकंद देऊन. आणि पुन्हा घेतलेल्या चाचणीतली सातव्या प्रश्नाची उत्तरं मुलांनी माझं बोलणं ऐकून, शिक्षक वाचावा म्हणून दिली आहेत, ती ग्राह्य धरू नयेत, असंही लिहून खाली सही केली. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. घाट उतरून रेंज मिळताच निकाल माझ्या टॅबलेटमधून आपोआप गेला आणि माळदेवाडीची लाल खूण त्याच रात्री पुसली गेली. माझा अहवाल जोडपत्र म्हणून लागला, त्यावर कुणी काही विचारलं नाही. मी दोनदा स्मरणपत्र पाठवलं, मग ती नोकरी सोडली. माझा तो पाठ आणखी चार वर्षं चालू होता. नंतर त्याच्या जागी चित्रांचा पाठ आला. त्यातली तापमापी रेखाटलेली आहे, आणि तिचा पारा बरोबर शंभरवर थांबतो. वायदंडे सर माळदेवाडीतच राहिले. त्या वर्षानंतर वह्यांमधली लाल रेघ त्यांनी बंद केली, असं मला त्यांच्या सहकारी बाईंकडून कळलं. का, ते मी त्यांना विचारू शकले नाही.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा चार वाजले होते. जीप खालच्या वळणावर उभी होती आणि माझी पिशवी घेऊन तेजल सोबत आली होती. तिने पिशवी मागच्या सीटवर ठेवली, पण ती गेली नाही.

“मॅडम, आता सरांना न्हेणार न्हाईत ना?”

“नाही नेणार.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने मोठा श्वास सोडला. दुपारपासून तिने तो धरून ठेवला असावा. मग माझ्याकडे पाहून तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. एकाच कामात असलेल्या दोघींनी एकमेकींना विचारावं तसं तिने विचारलं.

“तुमी कुणासाठी म्हटलंवतं शंभर?”

ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती. मी त्याला थांबायला सांगितलं. तिला एखादं नाव हवं होतं, आणि मी मनात सगळी नावं शोधून पाहिली.

“कुणासाठीच नाही गं,” मी म्हणाले. “आम्हाला जेवायला उशीर होत होता.”

तिला आधी ते कळलं नाही. मी थट्टा करतेय असं वाटून ती हसायला लागली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहता पाहता तिचं हसू गेलं आणि ती एक पाऊल मागे सरकली.